बोधिवृक्षावरचं कुंकू

या जगात कोणावरही विश्वास ठेवू नये असं माझ्या आत्याच्या यजमानांचं ठाम मत होतं, आणि हे मत आपण थेट बुद्धाकडून घेतलं आहे असा त्यांचा दावा होता. "बुद्ध काय म्हणाले? ग्रंथात लिहिलंय म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. मग भय्या सांगतो म्हणून दूध चांगलं असं मी का मानू?" असं म्हणून ते पातेल्यात बोट बुडवत आणि ते उजेडात धरून थेंब कसा ओघळतो ते बघत राहत. तो उपदेश दुधासाठी केलेला नसावा असं मला वाटे, पण मामांपुढे हे बोलायची सोय नव्हती. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात.

मामा भांडुपच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. उशिरा येणारा माणूस खोटं बोलतो हे तर झालंच. पण जो रोज वेळेवर येतो तो नक्कीच काहीतरी लपवत असतो, अशी त्यांची समजूत होती. लग्नाला गेले की ते दाराजवळची खुर्ची पकडत आणि चपलांवर नजर ठेवत. भन्ते पालीत गाथा म्हणत असताना मामा डोळे मिटून ओठ हलवत. सगळ्यांना ती भक्ती वाटे. प्रत्यक्षात ते भन्ते एखादी ओळ गाळतात का ते तपासत असत. आत्याने तर संसारभर जाबजबाबच दिले. "आज भाजीत मीठ कमी का?" या प्रश्नात मिठापेक्षा कटाचा संशय जास्त असे.

मुलुंडला डोंगराच्या बाजूला आमची वसाहत होती. तिथली वैशाखी पौर्णिमा म्हणजे मामांच्या संशयाला आलेली भरतीच. सुरुवात तिथीपासून होई. दोन कॅलेंडरांत पौर्णिमा वेगवेगळ्या दिवशी दिली असली तर मामा दोन्ही संध्याकाळी गच्चीवर जाऊन प्रत्यक्ष चंद्रच तपासून येत. "आजचा डावीकडून जरा चेपलेला आहे," असा त्यांचा निर्णय मी स्वतः ऐकला आहे. मग पंचरंगी ध्वज. शिंप्याने निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हा क्रम बरोबर लावलाय ना, हे ते दरवर्षी पाहत, जणू वर्षभर पेटीत पडून पट्ट्यांनी जागा बदलल्या असाव्यात. मग खीर. सुजाताने बुद्धाला खीर दिली म्हणून त्या दिवशी विहारात मोठ्या टोपात खीर होई. ती घेताना एखादी बाई सवयीने "प्रसाद द्या हो" म्हणाली की मामा डाव हवेतच थांबवत. "प्रसाद नाही. खीरदान म्हणा." ती तसं म्हणेपर्यंत द्रोण रिकामाच राही. बाया त्यांना मागे पुष्कळ बोलत, पण ध्वज चढवायचा मान मात्र मंडळाने त्यांनाच दिला होता, आणि तो त्यांना जिवापलीकडे प्रिय होता. आदल्या दिवशी ध्वजाची घडी ते स्वतः घालत, दोरीची गाठ स्वतः मारत. दुसऱ्याची गाठ म्हणजे सुटणारच.

विहारापुढे एक पिंपळाचं झाड होतं. मामांनीच गयेहून डालड्याच्या डब्यातून त्याचं रोप आणलं होतं. सबंध प्रवासात कोणी डबा पळवील या धास्तीने ते झोपले नव्हते. झाड मनगटाएवढं झालं तेव्हा मंडळाने पाणी घालायच्या पाळ्या लावल्या. गिरण्यांचा संप फसला त्यानंतरचा तो उन्हाळा. पाणी असं तुटपुंजं की माणसं अंघोळीला विचार करत. आणि त्या उन्हाळ्यात एके सकाळी आमच्या बोधिवृक्षाच्या खोडावर कुंकवाचा टिळा सापडला.

वसाहत हादरली. मामांना मात्र आनंद झाला असं मला अजून वाटतं. आयुष्यभर संशय घेतल्यावर अखेर खराखुरा गुन्हा हाती लागला होता. त्यांनी त्याच संध्याकाळी मंडळाची सभा भरवली आणि ठराव करून घेतला, की जुने देव सोडूनही ज्याच्या अंगातून ते गेलेले नाहीत, त्याला पौर्णिमेला सगळ्यांसमोर उभं करून बावीसच्या बावीस प्रतिज्ञा म्हणायला लावायच्या. मग चौकशी सुरू झाली. पहिला संशय आत्यावर. "तुमच्या माहेरी खंडोबाचा टाक होता. सगळे टाक विसर्जन केले याला पुरावा काय?" दुसरा माझ्यावर, कारण मी कॉलेजातल्या एका मित्राकडे चतुर्थीचे मोदक खाल्ले होते. मग सेक्रेटरी, मग खजिनदार. त्या दिवसांत मामा जयभीम घालताना समोरच्याचे दोन्ही हात हातात घेत. लोकांना वाटे मामा प्रेमळ झाले. मामा बोटांची टोकं बघत होते.

टिळा रोज नवा दिसू लागला तेव्हा एके पहाटे ते मला उठवून घेऊन गेले. आम्ही विहाराच्या टाकीआड बसलो. थोड्या वेळाने पलीकडच्या चाळीच्या कुंपणातल्या फटीतून एक म्हातारी आत आली. हातात तांब्या, पदराला कुंकवाची पुडी. तिने सगळं पाणी बुंध्याशी ओतलं, बोटाने टिळा लावला आणि झाडाशी काही पुटपुटली. मामा झेप घेऊन पुढे आले.

"आजी! काय चाललंय हे?"

"पाणी घालतंय. दिसत नाय तुमका?"

"हा बोधिवृक्ष आहे. बुद्धांचं झाड आहे हे."

"आसांदे. पण तेका तहान लागता मां?"

"आणि कुंकू कशाला?"

"पिंपळार मुंजो रवता," म्हातारी आवाज खाली घेऊन म्हणाली. "तेका कुंकू लावल्याबगर पाणी घालूक माका भिया वाटता."

गयेहून जागरण करून आणलेल्या बोधिवृक्षावर मुंजा! मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मुंजा-बिंजा काही नसतं," ते कसंबसं म्हणाले. "आणि पाणी घालायला आमची माणसं आहेत. पाळ्या लावल्यात."

"खंयची माणसा?" म्हातारी म्हणाली. "येतत, हात जोडतत आणि जातत. पाणी घालताना मी एकाक बघूक नाय."

मामा माझ्याकडे वळले. "या आठवड्याची पाळी कोणाची?" मी मान खाली घातली. खरं तर पाळी कोणीच पाळत नव्हतं. काल त्याने घातलं असेल, आज हा घालील, असं प्रत्येक जण धरून चालला होता. हयातीत एकदाच मामांनी डोळे झाकून विश्वास टाकला होता आणि तो पाळ्यांवर टाकला होता. ते खाली बसले आणि बुंध्याजवळची ओली माती चिमटीत घेऊन बघत राहिले.

"उद्यापासून मी घालीन," ते म्हणाले. "तुम्ही नका येऊ."

"तुमी घाला. मीय घालतलंय." मग तिने आपणहून सांगितलं. मुलगा गिरणीत होता, गिरणी बंद पडली तसा बायकापोरांना घेऊन गावी गेला. खोली जाऊ नये म्हणून हिला एकटीला ठेवलं. "फाटफटी उठान कोणाक तरी पाणी देवची सवय आसा माका. आता घरात कोण नाय."

मामांनी चिमटीतली माती परत बुंध्याशी टाकली.

पण ठराव होता, आणि ठरावासाठी टपून बसलेली मंडळाची तरुण पोरंही होती. म्हातारी सापडली असती तर दोन चाळींची डोकी फुटली असती, आणि ती पुन्हा त्या फटीतून आली नसती. मामांनी मला शपथ घालणार नाही असं सांगून, कारण शपथेवर त्यांचा विश्वास नव्हता, नुसतं गप्प राहायला सांगितलं. तेव्हापासून ते रोज पहाटे झाडाशी जात. म्हातारी टिळा लावी. ती गेली की मामा तो जुन्या फडक्याने पुसून टाकत. वसाहतीत बोलबाला झाला, की मामांच्या धाकाने गुन्हेगार पळाला.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. सगळी वसाहत पांढऱ्याशुभ्र कपड्यांत विहाराकडे निघाली. मामा नेहमीप्रमाणे आधी जाऊन पोचले होते. पण आज झाडाचा सण आहे हे म्हातारीला कुठूनसं कळलं होतं, त्यामुळे तिने आज टिळ्यावर न भागवता खोड हळदकुंकवाने माखून ठेवलं होतं. सणाचे कपडे घातलेल्या मामांकडे फडकं नव्हतं. लोकांचे आवाज जवळ येत होते. त्यांनी ते सगळं हातांनीच पुसलं, हात मातीला घासले आणि ध्वजाची घडी उचलली.

ध्वज वर गेला, सुटला, वाऱ्यावर पसरला. आणि पांढऱ्या पट्ट्यावर चार लाल बोटं सगळ्यांना दिसली.

मग सेक्रेटरी पुढे झाला. "मामा, जरा हात दाखवा ना."

मामांनी हात दाखवले. कुंपणापलीकडे म्हातारी उभी होती, आपल्या झाडाचा सण कौतुकाने बघत. मामांनी एकदा तिकडे पाहिलं. मी पुढे व्हायला निघालो, पण मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागीच थांबलो.

"मीच लावलं," मामा म्हणाले.

"अहो, काय बोलताय काय!" आत्या जवळजवळ ओरडलीच.

"मी सांगतोय ना. ठराव आहे. चला."

ते सगळ्यांसमोर उभे राहिले, त्याच लाल हातांनी, आणि खणखणीत आवाजात बावीस प्रतिज्ञा म्हणाले. सेक्रेटरी छापील कागद धरून तपासत होता. मध्येच तो म्हणाला, "एक गाळलीत." मामा म्हणाले, "तुम्ही पान उलटताना दोन उलटलीत." आणि खरंच तसं झालं होतं. कोणी हसलं मात्र नाही.

पुढच्या वर्षीपासून ध्वज सेक्रेटरी चढवू लागला. मामा मागच्या रांगेत उभे राहत, आणि गाठ बघून त्यांचा जीव खालीवर होताना मला दिसे. लोक आता जयभीम घालताना मामांच्या बोटांकडे बघत. एकदा न राहवून मी विचारलं, "मामा, मी सांगू का सगळ्यांना?" ते म्हणाले, "नको. आणि सांगितलंस तरी तपासल्याशिवाय कोण मानेल? मानूही नये." मला त्यांचा राग आला, आणि इतकं प्रेमही त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पुढे म्हातारीचा मुलगा येऊन तिला गावी घेऊन गेला. पहाटेचं पाणी मामा एकटेच घालू लागले. वर्षा-दोन वर्षांनी त्या चाळीत कणकवलीकडचा एक पाहुणा आला होता. त्याने सांगितलं, म्हातारी गावी वारली. मी मामांना हे सांगायला गेलो तेव्हा ते रिकामी बादली घेऊन झाडाशी उभे होते.

"कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"गावचा माणूस आहे."

"त्याने स्वतः बघितलं? की ऐकलं?"

"ऐकलं असेल."

"मग?" मामा म्हणाले. "असं कोणी सांगितलं म्हणून लगेच मानायचं नसतं." आणि कुंपणातल्या फटीकडे बघत ते तिथेच उभे राहिले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. खरं म्हणजे त्या सकाळी मलाही त्या माणसावर विश्वास ठेवायचा नव्हता.