पॅडलला अर्धं बोट सैल हवं

जुनी गाडी एक असली तरी पुरते, किस्से आपोआप साठत जातात. पंचवटीतल्या आमच्या रविवारच्या टोळीत अरविंदकाकांची चौसष्ट सालची गाडी आहे आणि तिचा ब्रेक आहे. बाकी कुणाला बोलायला चान्सच नाही!

यंदा मामला सिरियस होता. लेकीला, म्हणजे मुक्ताला, लग्न लागल्यावर सासरी चांदवडला याच गाडीतून स्वतः सोडायचं, असा काकांचा हट्ट. काकूंनी बजावलं, "नवरीला हायवेवर ताटकळत ठेवायची नाही. ब्रेक नीट करा, नाहीतर भाड्याची गाडी सांगते."

* * *

काकूंचं काय चुकलं? ब्रेकचा नवा मास्टर सिलिंडर बसवून काका नाशिक रोडला निघाले आणि वाटेतल्या एका मारुतीच्या देवळासमोर चाकं जाम! काका गाडी अनवाणी चालवतात, लक्ष्मी आहे म्हणून. तसेच उतरले, नारळ फोडला, दहा मिनिटं हात जोडून उभे राहिले. आणि काय सांगू, गाडी सुटली!

पुढचे दोन रविवार हेच. तिसऱ्या नारळाचं खोबरं आम्हीच खाल्लं.

* * *

मग आमच्या टोळीतले रफिकभाई मिस्त्री खाली वाकले. पॅडलचा रॉड सिलिंडरला टेकूनच बसलेला. तेलाला मागे यायला वाट नाही, ते तापतं, ब्रेक आवळत जातात. गार झाले की सुटतात. रफिकभाई शांतपणे म्हणाले, "काका, मारुतीला कशाला त्रास? पॅडलला अर्धं बोट सैल ठेवू."

* * *

पण काकांना पॅडल कडक लागतं! रफिकभाईंनी रॉड सैल केला की हे घरी जाऊन गुपचूप आवळणार. शेवटी मुक्तानेच नटावर लाल नेलपेंटचा ठिपका दिला. रोज सकाळी टॉर्च घेऊन ठिपका तपासायची. बापावर काडीचा भरवसा नाही.

* * *

ब्रेकमधली हवा काढायला काकूंना पॅडलवर बसवलं. रफिकभाई गाडीखालून म्हणाले, दाबून धरा. तेल कमी पडलं म्हणून ते आणायला गेले आणि दुकानात गप्पांत रमले. अर्ध्या तासाने आले तर काकू पॅडल दाबून बसलेल्या, मांडीवर आमंत्रणांची यादी. म्हणाल्या, सोडा म्हणाला नव्हतात ना!

* * *

लग्नाचा दिवस. नेलपेंट शाबूत. मुक्ता डोळे पुसत मागे बसली, शेजारी जावई. काकांनी गिअर टाकला, क्लच सोडला, गचका बसून इंजिन बंद. परत तेच. काकूंचा चेहरा उतरला. आमच्यातला एक जण नारळ आणायला धावलासुद्धा!

रफिकभाई नव्या शेरवानीतच पुढे आले. काकांच्या बाजूचा दरवाजा उघडला, वाकून पॅडलकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, ब्रेक एकदम बरोबर आहे. आता पाय उचला."