आमच्यातला फितूर

अबकारी खात्यात नोकरी केली म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्या डोळ्यांकडं बघतो. लाल आहेत का, ते तपासतो. मग आवाज खाली आणून विचारतो, "मग काय, रोज घरपोच येत असेल?" आता याला काय सांगणार! त्या खात्यात माणसाकडं दारू साठत नाही, किस्से साठतात. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या धोतराचा सोगा धरून दुसरा येतो. आमच्या हिला सगळे पाठ आहेत. मी घसा खाकरला की ती उठून आत जाते. तुम्ही नवीन आहात, बसा.

लढाईचा काळ होता. मी सातारच्या कचेरीत सब-इन्स्पेक्टर. मूळचा वाईचा, भिक्षुकाच्या घरातला. आमच्याकडं पाणीसुद्धा सोवळ्यात भरायचं, आणि मला नोकरी लागली ती ही! काम एवढंच, की सरकारमान्य गुत्ते हिंडून बघायचे. माप पुरं देतात का, दारूत पाणी घालतात का, जागा झाडलेली आहे का, ते बघून शेरा मारायचा. खंडाळ्यापासून पार तासगावापर्यंतचा मुलूख आमच्याकडं. सांगली तेवढी संस्थानात, तिथं आमचं काही चालायचं नाही.

आमचे साहेब आपटे. माणूस सज्जन, पैशाला न शिवणारा, पण संशयी किती? संध्याकाळी कचेरीला कुलूप लावलं की स्वतः ओढून बघायचे. मग शिपायाला ओढायला लावायचे. आणि शिपायानं ओढल्यावर पुन्हा स्वतः ओढायचे, ओढता ओढता त्यानं काही केलं असलं तर!

हा शिपाई म्हणजे बापू शेलार. जावळीतला, पलटणीतून पेन्शनीवर आलेला. मिशा अशा की गुत्त्यातले लोक साहेबांच्या आधी त्यालाच रामराम करायचे. त्याचा एकुलता एक मुलगा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता आणि बरेच दिवस पत्र नव्हतं. घरात सून आणि दोन नातवंडं. सगळ्यांचं पोट बापूच्या पगारावर.

*

साहेबांचं म्हणणं असं, की गणवेशात गेलं की गुत्तेवाला सावध होतो. तेव्हा वेष पालटून जायचं. साहेब बैलांचे व्यापारी होऊन पुढच्या बाकावर बसणार. बापू अनोळखी असल्यासारखा पलीकडं बसून चव घेणार, कारण साहेब आणि मी दोघंही न पिणारे. आणि मी मागच्या दाराशी उभा राहणार, पाणी घातलेला माल कुणी मागून ओतून दिलाच, तर धरायला.

साहेब पुढ्यात नवटाकभर दारू मागवून ठेवायचे आणि भाजलेले शेंगदाणे खायचे. गुत्त्यातलं शिजवलेलं काही चालत नसे. भाजलेल्याला विटाळ नाही, हा त्यांचा त्यांनीच लावलेला शास्त्रार्थ.

पहिली वारी मेढ्याला. बापूनं पहिला पेला तोंडाला लावला आणि मान हलवली. नुसतं पाणी! साहेब खूश झाले. पण नमुना पिंपातून घ्यावा लागतो, पेल्यातला कोर्टात चालत नाही. पंच बोलावीपर्यंत थोडा वेळ गेला. तेवढ्यात बापूनं दुसरा पेला मागवला, तर त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पिंपात नळी घालून बघितलं, तर कस सरकारी आकड्याच्याही वर. एवढ्यात गुत्तेवाल्यानं हात जोडले आणि आज दर्शन कसं दिलंत, असं साहेबांना विचारलं. डोक्याला मुंडासं बांधलेल्या बैलांच्या व्यापाऱ्याला!

परत येताना साहेबांनी बापूला विचारलं, "बापू, हा गुत्तेवाला तुझा कोण लागतो?"

जावळी सगळी एकमेकांची पाव्हणी. बापू म्हणाला, लांबचा मेव्हणा लागतो. झालं!

*

दुसरी वारी कृष्णाकाठच्या एका गावात. बेचाळीस नुकतं होऊन गेलेलं, पोरं भूमिगत झालेली, त्यामुळं नवा माणूस दिसला की अख्खं गाव त्याच्याकडं बघत राहायचं. गुत्त्यात पाय टाकला आणि सगळं बोलणं थांबलं. आम्हाला वाटलं, हे अबकारीला भ्याले. त्यांना वाटलं, हे खबरे.

एका म्हाताऱ्यानं साहेबांची चौकशी सुरू केली. पाव्हणं कुठलं, कशाला आलं? साहेब म्हणाले, बैल बघायला. म्हातारा उठला, बाहेर जाऊन स्वतःचा बैल दारात आणून उभा केला आणि म्हणाला, वय सांगा.

साहेबांनी बैलाला एक प्रदक्षिणा घातली. मग गंभीरपणे त्याचं शेपूट उचललं.

म्हातारा म्हणाला, "पाव्हणं, वय तोंडात बगत्यात. तिकडं न्हाई."

त्या गावचा नमुना आम्ही घेतलाच नाही. सडकेपर्यंत चालत आलो आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या त्या काळच्या मोटारीची वाट बघत बसलो. बैलांचा धंदा साहेबांनी तिथंच सोडला. पुढं ते कधी गुळाचे दलाल झाले, तर कधी सोयरीक बघायला निघालेले मुलीचे बाप. उपयोग शून्य. जाऊ तिथं तेच. बसून थोडा वेळ झाला, की माप भरून वाहायला लागायचं, जमीन झाडली जायची आणि गुत्तेवाला हात जोडून उभा.

*

आता साहेबांची खात्री पटली, की आमच्यात फितूर आहे.

त्यांनी एक युक्ती काढली. मला एकांतात बोलावून सांगितलं, या खेपेला खंडाळा. हेडक्लार्कला सांगितलं कराड. बापूला सांगितलं पाटण. ज्या गावचा गुत्तेवाला सावध निघेल, तो माणूस फितूर. युक्ती तशी बिनतोड होती. मग आठवडाभर आम्ही ती तिन्ही गावं फिरलो.

तिन्ही ठिकाणी हात जोडलेले!

त्यावर दुसरा कुणी म्हणाला असता, की यातलं कुणीच फितूर नसेल. साहेबांनी निष्कर्ष काढला, की तिघंही आहेत. त्या दिवसापासून ते पिण्याचं पाणी घरून आणायला लागले.

*

बरं, संशय असा रोग आहे की तो एकट्याला होत नाही. एके दिवशी बापू मला कचेरीच्या मागं घेऊन गेला आणि म्हणाला, "भाऊसायेब, आपलं सायेब घेत्यात जनू."

मी त्याला गप्प बसवणार होतो, पण त्याचं कारण ऐकलं आणि माझ्याच मनात पाल चुकचुकली. साहेब स्वतः म्हणतात, मी पेल्याला तोंड लावत नाही. मग निघताना त्यांचा पेला दोन बोटं रिकामा कसा? दर वेळी?

पुढच्या वारीहून परतताना आम्ही दोघं मोटारीत साहेबांच्या दोन बाजूंना बसलो आणि खड्डा आला की त्यांच्या तोंडाशी नाक नेत राहिलो. रस्ता आमच्या बाजूचा, खड्ड्यांना तोटा नव्हता. वास आला तो लवंगेचा.

"लवंग कशापायी लागती वो मानसाला?" बापू नंतर मला म्हणाला.

*

मग आला तो हद्दीवरचा गुत्ता. मिरजेकडं जाताना त्या काळी हा तुकडा इंग्रजांचा, तो तुकडा संस्थानचा, असा गोधडीसारखा मुलूख. गुत्ता आमच्यात, आणि त्याच्या परसातला ओढा ओलांडला की सांगली संस्थान.

मी नेहमीप्रमाणं मागच्या दाराशी उभा. थोड्या वेळानं आतून एकेक गिऱ्हाईक पेला हातात घेऊन बाहेर आलं, मला रामराम घालून ओढ्यात उतरलं आणि पलीकडं जाऊन बसलं. शेवटी दोघं पिंप खांद्यावर घेऊन आले. मी आडवा गेलो, तर बाजूला व्हा, भिजाल, म्हणाले. बघता बघता सगळा गुत्ता संस्थानात गेला! आत राहिले साहेब, बापू आणि मालक.

साहेब ताडकन उठले. मालकाला म्हणाले, "आम्ही कोण ते तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं कुनी? बगितलं की कळतंय की," मालक म्हणाला.

साहेबांनी मागं वळून बापूच्या मिशांकडं पाहिलं. त्यांच्या डोक्यातलं कोडं त्या क्षणी सुटलं: मिशीतून खूण करणारा फितूर तो हाच.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी बापूला समोर उभं केलं आणि सांगितलं, की सोमवारी मी वर कळवतो, तुझी नोकरी संपली. बापू सलाम करून बाहेर आला आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"भाऊसायेब, म्या फितूर न्हाई. ब्रह्मदेशात असलेल्या लेकराची आन घिऊन सांगतो. तेवढं सायबाच्या कानावर घाला."

लेकराची, आणि अशा लेकराची शपथ माणूस उगाच घेत नाही. मला त्याचा फार कळवळा आला. मी साहेबांकडं गेलो आणि म्हणालो, सोमवारच्या आधी एक वारी बापूला वगळून करू. तिथं आपण ओळखले गेलो, तर बापू सुटला. साहेबांनी माझ्याकडंही संशयानं पाहिलं. मग म्हणाले, ठीक आहे, पण तुम्ही माझ्या शेजारी बसायचं, नजरेसमोर.

*

शनिवारी पहाटेच साहेबांनी बापूला स्वतःच्या घरी बोलावून घेतलं आणि परसात लाकडं फोडायला बसवलं. पहाऱ्याला वहिनीसाहेब, म्हणजे साहेबांच्या मंडळी. संध्याकाळपर्यंत याला फाटकाबाहेर जाऊ द्यायचं नाही, अशी त्यांना ताकीद. मग आम्ही दोघं मोटारतळावर गेलो. कुठं जायचं ते साहेबांनी मलाच काय, तिकिटवाल्यालासुद्धा कानात सांगितलं.

उतरलो ते तासगावच्या अलीकडच्या एका गावात. गुत्ता हणमंतअण्णांचा. ना ओळख, ना पाळख. या गावी आम्ही पूर्वी कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं. साहेब त्या दिवशी गुळाचे दलाल होते आणि मी त्यांचा भाचा. दुपार टळून गेलेली, पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही.

हणमंतअण्णांनी दोन पेले ठेवले, शेंगदाण्यांच्या दोन ताटल्या ठेवल्या. पाणचट माल असणार, रंगावरूनच कळत होतं. गल्ल्यावर बसून ते आमच्याकडं बघत राहिले. बापू सुटावा म्हणून आम्ही ओळखले जायला हवं होतं, आणि ओळखायला काही कारणच दिसत नव्हतं.

साहेबांनी उजव्या हाताची बोटं पेल्यात बुडवली. ताटलीभोवती गोल धार फिरवली. तीन शेंगदाणे उचलून ताटलीच्या उजवीकडं ओळीनं ठेवले. डोळे क्षणभर मिटले, ओठ हलले, आणि मग चौथा दाणा तोंडात टाकला.

पुढ्यात पान आलं की जेवणाआधी त्याभोवती पाणी फिरवून चित्राहुतीचे घास बाजूला ठेवायचे. मुंजीपासून हाताला लागलेली सवय, मुंडासं बांधलं म्हणून हाताला थोडीच कळणार! दोन बोटं रिकामा पेला मला आठवला. मेढा आठवला, पाटण, कराड, सगळं आठवलं. आता साहेबांना खूण करावी म्हणून मी घाईनं हात उचलला, तर माझी बोटं ओली. खाली बघतो तो माझ्या ताटलीभोवतीही ओलं वर्तुळ, आणि उजवीकडं तीन शेंगदाणे.

हणमंतअण्णा गल्ल्यावरून उठले. आत गेले आणि चिंचेनं घासलेला लखलखीत तांब्या घेऊन आले. आमच्या दोघांच्या मधे ठेवला आणि हात जोडले.

"सायेब, दारूची चित्राहुती देवाला चालती का न्हाई, आमा अडान्याला ठावं न्हाई. पर ताटलीभवती बोट फिरलं की अबकारीचं सायेब आलं म्हनून समजायचं, ह्ये समद्या गुत्त्यांवर ठावं हाय. चांगलं पानी आनलंय."

परतीच्या मोटारीत साहेब गुत्त्याच्या वासावर उतारा म्हणून लवंग चघळत खिडकीबाहेर बघत होते.

साहेबांच्या घरी पोचलो तर परसात लाकडांचा डोंगर. बापूनं उन्हाळाभर पुरतील एवढी फोडली होती, आणि वहिनीसाहेब अजून पहाऱ्यावर होत्या. आम्हाला बघून तो कुऱ्हाड टाकून उभा राहिला. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. जोडे काढता काढता म्हणाले, "बापू, पुढच्या वेळेपासून आत तू एकटा बसायचंस. आम्ही दोघं मागच्या दाराशी उभे राहू." आणि आत निघून गेले.

बापूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं पागोट्याच्या शेवानं पुसलं, आणि मग माझ्या जवळ आला.

"भाऊसायेब, म्हंजी फितूर घावला?"

"घावला."

"येकटाच हुता?"

"नाही, दोघं होते."

बापूनं एकदा दाराकडं पाहिलं. मग मला म्हणाला, "आन सायबानं सोडून दिलं त्येंस्नी?"