ठमीच्या पिसवा आणि पांढरे मोजे

पिसवांचं आणि पिसवांच्या किश्शांचं सारखंच. एक चिमटीत धरावी, तोवर चार उड्या मारून येतात! इथे अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या ओळखीतल्या ज्याच्या घरी मांजर, त्याचा फोन मला. मी सातवी शिकलेली. इंग्रजी शिकले ती औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर वाचून. इथले इंजिनिअर खोकं फोडून आतला कागद फेकतात. मी कागद आधी वाचते!

सुरुवात आमच्याच घरात झाली. आमची मांजर ठमी मान खाजवून सोलून घेत होती. मुलगा निखिल म्हणाला, "आई, ती बाहेर जात नाही. आपण शूजसुद्धा दारात काढतो. पिसवा येतीलच कशा?"

म्हटलं, "त्यांना सांगितलंयस का, दारातच थांबा म्हणून?"

बारीक दातांची फणी फिरवली. चहाच्या भुकटीसारखे कण पडले. ओल्या पेपर टॉवेलवर ठेवले, तर प्रत्येकाभोवती तांबूस डाग.

"माती आहे," निखिल म्हणाला.

"पिसवांची विष्ठा! ठमीचं रक्त आहे ते!"

नात रिया "ईऽऽ" करत पळाली आणि मिनिटात भिंग घेऊन परत आली. नात कोणाची!

मग निखिलच्या घोट्यांवर लाल गांधी उठल्या. त्याने जाहीर केलं, "एक महिना. त्यानंतर एक जरी पिसू दिसली तर ठमी प्राण्यांच्या शेल्टरला." रियाचं तोंड एवढंसं झालं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ठमीचा ओठ उचलून दाखवला. हिरड्या पांढऱ्याफटक. पिसवांनी एवढं रक्त प्यालेलं! मानेवर पिसवांच्या औषधाचे थेंब लावून बाई म्हणाल्या, "एनी क्वेश्चन्स?" मी पर्समधून चार पानांची यादी काढली. बाई खुर्ची ओढून बसल्याच! तेव्हा कळलं, की गालिच्यात पिसवांचे कोष असतात आणि ते कित्येक आठवडे दम धरून बसतात. म्हणून अंथरुणं गरम पाण्यात, आणि प्रत्येक खोलीत व्हॅक्यूम.

"माझी ऑफिसची खोली सोड," निखिल म्हणाला. "तिथे ठमीला नो एन्ट्री."

त्याच आठवड्यात शेजारच्या रश्मीचा फोन. "काकू, कुत्र्याचे ड्रॉप्स उरलेत. मांजराला अर्धे लावू?"

"झटके येतील त्याला! खोक्यावर मांजरावर फुली मारलेलं चित्र आहे. वाचायचा कंटाळा असेल तर चित्र तरी बघ!"

तिचाच दुसरा फोन संक्रांतीनंतर. "काकू, सोफ्यावर तीळच तीळ! मांजर झोपतं तिथेच बसून हे लाडू खातात आणि कबूल करत नाहीत."

मी विचारलं, "त्यातला एखादा हलतोय का गं?"

ती बघायला गेली. मग किंचाळी! मांजर अंग चाटताना पिसू गिळतं, तिच्यातून चपटा जंत पोटात जातो, आणि त्याचे तुकडे मागून असे गळतात. मांजराला गोळी मिळाली. नवऱ्याला माफी अजून मिळालेली नाही.

महिना संपला. ठमीच्या हिरड्या गुलाबी, अंग स्वच्छ. पण निखिल घोटे खाजवतच होता. "बस झालं आई, आज मीटिंगनंतर शेल्टरला फोन करतो." रिया ठमीला घट्ट धरून रडायला लागली.

मी गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवले. पांढऱ्यावर पिसू लपत नाही. हॉलमध्ये फिरले, काही नाही. बेडरूममध्ये फिरले, काही नाही. मग नो एन्ट्रीचं दार ढकललं. निखिलची मीटिंग चालू होती.

"आई, नॉट नाऊ!"

चार पावलं टाकली, तर मोज्यांवर सात काळे ठिपके. त्यातला एक उडाला!

"ठमी इथे येत नाही ना?"

"कधीच नाही!"

तेवढ्यात लॅपटॉपमधून त्याच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "निखिल, व्हेअर इज ठमी टुडे? शी इज ऑलवेज ऑन युअर लॅप!"