वजनखोलीतले नाना

जिवंतपणी भूत होणं साधलेला माणूस मी उभ्या खानदेशात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे नाना. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना सराफांसाठी नाजूक तराजू बनवतो. तयार तराजू ज्या बंद, गार खोलीत तपासतात ती वजनखोली. तिथे माणसाच्या श्वासानेही शेवटचा आकडा हलतो, म्हणून आकडा ठरेपर्यंत दम धरून बसायची रीत आहे. बाकीचे ती रीत खोलीतच ठेवून घरी जात. नाना ती अंगावर घालूनच जात. त्यांची चाहूल म्हणून कधी लागायची नाही. घरी काकू सगळ्या खोल्या धुंडाळत हाका मारायच्या, "अहो, कोठे शेतस?" आणि त्यांच्या कोपराशी उभे असलेले नाना हळूच म्हणायचे, "आठेच शे." काकूंच्या हातून इतकी भांडी पडली, की त्यांच्या घरात पोचे नसलेलं पातेलं शोधून सापडायचं नाही. सावद्याला एका लग्नात तर फोटोवाला शपथेवर सांगत होता की कोपऱ्यात कोणीच नव्हतं. फोटो आले तेव्हा नवरीच्या मामामागे नाना उभे, डोळे उघडे, अक्षता मुठीतच.

मी या कारखान्यात पगाराचं काम बघतो. गेली काही वर्षं पगारवाढीची एकच तऱ्हा झाली आहे. संगणकावर तराजू जुळवणारी पोरं पुण्याला जायची भाषा करतात आणि शेठ त्यांची वाढ करतात. ती पोरं नानांच्या हाताखाली शिकली. ती 'कुशल' झाली आणि नाना कागदावर 'अर्धकुशल' राहिले. उन्हाळ्यात एकदा ते माझ्या टेबलाशी उगवले. मी दचकलो तसे म्हणाले, "भाऊ, वाढ देतील ती देतील. तेवढा 'अर्ध' काढता आला तर बघा." मी शब्द दिला.

पगारवाढ ठरवायला शेठ आणि मी वजनखोलीत बसलो, कारण मे महिन्यात बसण्याजोगी खोली तीच. नानांचं नाव निघालं. शेठ म्हणाले, "त्याला कशाला? तो कुठं जातो?" मी नुसती मान हलवली, आणि ती होकाराची होती. शेठ हसून म्हणाले, "असून नसल्यासारखाच माणूस."

तेवढ्यात कपाटाजवळच्या, आमचा श्वास पोचत नव्हता अशा तराजूचा ठरत आलेला आकडा हलला. दार बंद होतं. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत राहिलो. मग कपाटाच्या सावलीतून आवाज आला, "माफ करा. श्वास सुटला." आमच्या आधीपासून नाना तिथे बसलेले होते. शेठ पांढरे पडले. "नाना, अहो, बोलायचं तरी." नाना तराजूकडे बोट दाखवून म्हणाले, "आकडा ठरत होता."

महिना भरला आणि नाना गेले. कोणालाही पुण्याची भीती न घालता सरळ धुळ्याला, एका छोट्या कारखान्यात. मग शेठनेच मला मागोमाग धाडलं. 'कुशल' मंजूर झालं होतं, वाढही होती. मी नानांना तसं सांगितलं, आणि त्या दिवशीच्या मानेबद्दल बोलायला तोंड उघडलं.

"राहू द्या, भाऊ. मी पाहिलं ना," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"इथे जास्त देतात का?"

"छे, कमीच. पण इथला मालक खोलीत शिरायच्या आधी दारातून विचारतो, नाना, आहात का?" हे सांगताना ते लाजल्यासारखे हसले. मला चहा पाजला, एसटीपर्यंत पोचवायला आले. वाटेत मी एकटाच चालतो आहे असं दोनदा वाटून मी शेजारी पाहिलं. दोन्ही वेळा ते होते.

वजनखोलीतलं त्यांचं स्टूल अजून कपाटाजवळच आहे. त्यावर सहसा कोणी बसत नाही. बसायची वेळ आलीच, तर पोरं आधी त्यावरून हात फिरवून बघतात. मीही बघतो. स्टूल रिकामं लागतं, आणि दर वेळी माझा हात तिथे थोडा जास्तच रेंगाळतो.