चेहरा हलवू नका

पुणतांब्यात मोनिकाच्या पार्लरमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या बाईला एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. तिथं भुवया सुरेख होतात, फेशियलनं चेहरा तजेलदार दिसतो, मोनिकाचा हात हलका आहे, हे सगळं खरं. पण त्याबरोबर कुठल्या कुठल्या मुलखातल्या, जन्मात नाव न ऐकलेल्या माणसांची गाणी ऐकावी लागतात आणि त्यातून सुटका नसते. गाणं बदल गं, असं कुणी म्हटलं की मोनिका गोड हसून हो म्हणते आणि आवाज जरा वाढवते.

तिचा गाळा एसटी स्टँडकडच्या रस्त्याला आहे. शेजारी रेश्माचं ब्लाउज शिवायचं दुकान, पलीकडे खतं आणि बियाणं. आत एक फिरती खुर्ची, आडवं व्हायला एक बाक आणि भिंतभर आरसा. इतर पार्लरांत आरशाच्या वर जिथं गोऱ्यापान नट्यांचे फोटो असतात, तिथं हिनं काळा स्पीकर बसवलाय. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला तिच्या नवऱ्यानं, रविराजनं, ओवाळणी काय हवी म्हणून विचारलं होतं. त्या साली पेरूची बाग चांगली लागली होती, कानातलं घ्यायची त्याची तयारी होती. हिनं स्पीकर मागितला. रविराज अजून पाहुण्यांना ही हकीकत सांगतो, पण आपण फायद्यात राहिलो की तोट्यात हे त्याचं त्याला काही ठरवता येत नाही.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते लग्नाआधी, श्रीरामपूरला ब्युटी पार्लरचा कोर्स करताना. एका दुपारी ती एका बाईंच्या हाताला वॅक्स लावत होती. फळीवर मोबाईल ठेवून कुठलंसं सिनेमातलं गाणं लावलेलं होतं. गाणं संपलं आणि मोबाईल आपल्या मनानं पुढं गेला. मोनिकाचे दोन्ही हात वॅक्सनं बरबटलेले, बंद कोण करणार? शिलाँगची एक बाई गिटारवर गाऊ लागली. ती भाषा खासी, हे मोनिकाला फार पुढं कळलं. त्या दिवशी तिला ती तेलुगू वाटली होती. त्या बाईनं अख्खा अल्बम स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून गायला होता. मधेच कुकरची शिट्टी झाली. बाई थांबली, खुदकन हसली आणि जिथं सोडलं होतं तिथून गाणं पुन्हा उचललं. ती शिट्टी काढून टाकावी असं कुणालाच वाटलं नव्हतं. मोनिका तशीच उभी राहिली. अल्बम संपला तेव्हा बाईंच्या हातावरचं वॅक्स थंड होऊन बसलं होतं आणि शिकवणाऱ्या मॅडमनी तिला सगळ्यांदेखत झापलं. त्या दिवसापासून पोरगी बिघडली, असं तिची आई म्हणते.

बिघडली म्हणजे काय, तर जे कुणी ऐकत नाही ते शोधून शोधून ऐकायला लागली. कोल्हापूरच्या तीन इंजिनियर पोरांचा 'उलटा पाना' नावाचा बँड तिनं हुडकला. ती पोरं गॅरेजमध्ये गातात आणि ढोलाऐवजी गाडीचं बॉनेट बडवतात. चेन्नईची एक मुलगी फ्रिज, पंखा आणि मिक्सर यांच्या आवाजातून संगीत करते, ती सापडली. पोर्तुगालच्या एका बेटावर दोन भाऊ आहेत, ते अकॉर्डियन वाजवतात आणि वाजवता वाजवता एकमेकांवर चिडतात. त्यांचेही अल्बम तिच्याकडे आहेत. यातल्या काहींना जगभर मिळून जितके ऐकणारे आहेत, त्याहून जास्त माणसं आपल्या ग्रामसभेला येतात, आणि ग्रामसभेला कोण येतं ते गावाला माहीतच आहे.

एकेकटं गाणं ऐकणाऱ्यांचा तिला भारी राग. गाणाऱ्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत एक ताट वाढलेलं असतं, आपण नुसतं लोणचं चाटून उठायचं का, असं ती विचारते. पुढ्यात बसलेल्या बाईच्या भुवईत तेव्हा दोरा असतो, त्यामुळे उलट उत्तर येत नाही.

पण तिच्या मनाला एक गोष्ट लागून होती, ती सांगितली पाहिजे. इतकी वर्षं ती गावाला अल्बम सुचवत आली, पण कुणी एकानंही सबंध ऐकून येऊन, मोनिका, हे असं होतं, असं म्हटलं नाही. चांगलं म्हणावं असा तिचा हट्ट नव्हता. वाईट म्हटलं तरी चाललं असतं. आवडीची गोष्ट एकटीनंच जपायची म्हणजे पत्ते एकटीनंच खेळायचे, आणि त्याचा तिला कंटाळा आला होता. कधी कधी संध्याकाळी शटर ओढताना तिला त्याचं रडूही यायचं.

तिनं व्हॉट्सॲपवर 'पूर्ण ऐका' नावाचा ग्रुप काढून पाहिला. त्यावर लोकांनी गुलाबाची फुलं, सुप्रभात आणि पेरूचे भाव टाकले. रविराज तर लिंक पडल्या पडल्या अंगठा दाखवायचा. पाऊण तासाचा अल्बम ह्यानं इतक्यात कसा ऐकला, असं तिनं एकदा विचारलं, तर म्हणाला, तू टाकलाय म्हणजे चांगलाच असणार. माणूस प्रेमळ आहे, पण उपयोग शून्य.

मग तिनं पार्लरचीच युक्ती केली. भुवया करायला आलेल्या बाईला एक गाणं. केसांना मेंदी लावायला आलेलीला अख्खा अल्बम, आणि मेंदी नीट चढली नाही अशी थाप मारून वर आणखी दोन गाणी. गावातली म्हातारी भागूबाई मेंदी लावून घोरत असे, तिचा काही उपयोग नव्हता. सगळ्यांत उत्तम गिऱ्हाईक फेशियलचं. मुलतानी मातीचा लेप चढवला, डोळ्यांवर काकडी ठेवली आणि चेहरा हलवू नका म्हणून बजावलं की बाई पुरती ताब्यात. बोलता येत नाही, उठता येत नाही, तक्रार करता येत नाही. शिवाय लेप वाळला की तो खोटं बोलत नाही. आतून जरा हसू फुटलं की गालावर बारीक भेग पडते. कुकरच्या शिट्टीला तर हमखास पडायची. बायका नंतर मान्य करोत न करोत, मोनिकाला भेग दिसली की तेवढ्यावर तिचा दिवस गोड व्हायचा. पण लेप धुतला की बायका गाणंही धुऊन टाकून घरी जायच्या.

अशात शोभामॅडम आल्या. ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवायला त्या श्रीरामपूरहून बदलून आल्या होत्या. वर्गात त्या नुसत्या उभ्या राहिल्या तरी पोरं वह्या उघडायची, अशी त्यांची ख्याती. मुलीचा, रुचाचा, साखरपुडा ठरला म्हणून पहिल्यांदा फेशियलला आल्या. मोनिकानं लेप लावला, बजावायचं ते बजावलं आणि हुकमी पान काढलं: शिलाँगची बाई. शिट्टी झाली, बाई हसली. शोभामॅडमच्या चेहऱ्यावर रेघ उमटली नाही. तोंड धुऊन त्यांनी आरशात पाहिलं, छान झालंय म्हणाल्या आणि गेल्या.

मोनिकाला हे फार लागलं. पुढच्या महिन्यात मॅडम पुन्हा आल्या तेव्हा तिनं 'उलटा पाना' लावला. बॉनेटवर पहिला दणका बसला तेव्हा शेजारी रेश्माच्या हातून सुई सुटली, पण मॅडम ढिम्म. त्याच्या पुढच्या खेपेला पोर्तुगालचे भाऊ भांड भांड भांडले, तरी लेप सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत राहिला. रेश्मानं तिला समजावलं, की बाई मोठ्या घरच्या आहेत, चार मास्तरणी आणखी आणतील, त्यांच्यापुढं तरी सरळ सिनेमाची गाणी लाव, नाहीतर श्रीरामपूरच्या पार्लरला जातील. मोनिकाला ते पटलं. तिचा धीर सुटत चालला होता. ह्या बाईला नाही आवडलं तर आपलंच काहीतरी चुकतंय, इथवर ती आली. रात्री जेवताना तिनं रविराजला सांगूनही टाकलं, की उद्यापासून स्पीकर घरी आणते, तुमच्या ट्रॅक्टरला लावा. रविराज चमच्यानं आमटी ढवळत राहिला. त्याला ट्रॅक्टरला स्पीकर कधीचा हवा होता, तरी त्याला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर चढून स्पीकरच्या वायरी सोडवत असतानाच शोभामॅडम दारात आल्या. फेशियलची वेळ व्हायला अजून अवकाश होता. हे काय चाललंय, असं त्यांनी वर्गातल्या आवाजात विचारलं. मोनिका स्टुलावरूनच म्हणाली, की गिऱ्हाइकांना आवडत नाही, काढून टाकते.

"कोणाला आवडत नाही?"

"तुमालाच की, मॅडम. इतके अल्बम लावले, तुमच्या चेहऱ्यावर कायबी दिसलं न्हाई."

शोभामॅडम दोन पावलं आत आल्या. "तूच सांगितलं होतंस, चेहरा हलवू नका म्हणून," त्या म्हणाल्या. "त्या कुकरच्या शिट्टीला मी दात आवळून, पायाचा अंगठा बाकात रुतवून हसू दाबलं. गॅरेजवाल्या पोरांच्या वेळी तर पोटात कळ आली होती."

आता याला काय म्हणावं? गावातल्या सगळ्या बायकांना मोनिका तेच बजावत होती आणि एकीनंही कधी ऐकलं नव्हतं. पाळणारी ही एकच निघाली. मोनिका स्टुलावरून उतरली आणि तिथंच बसली.

मग शोभामॅडमनी सांगितलं ते असं. प्रत्येक फेशियलनंतर त्या घरी जाऊन तो अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकत होत्या. गाणारा कुठला ते नकाशात शोधत होत्या. त्या पोर्तुगीज बेटावर ज्वालामुखी आहे, तेव्हा भाऊ तसेच असायचे, असं त्यांचं मत झालं होतं. नकाशावर बोट फिरवत फिरवत त्या स्वतःच पुढं गेल्या होत्या आणि चिलीच्या वाळवंटातल्या एका खाणगावातली चार माणसं त्यांना सापडली होती. त्यांच्या अल्बमचं नाव 'धूळ'. तो कुणाला ऐकवावा हा प्रश्न होता. रुचानं पहिल्या गाण्यालाच हेडफोन काढून ठेवले होते.

"म्हणून तुझ्याकडे आले," मॅडम म्हणाल्या. "बस इथं. मधे बोलायचं नाही."

त्यांनी आपले हेडफोन मोनिकाच्या डोक्यावर चढवले. आजवर तिला कुणी काही ऐक म्हणून दिलं नव्हतं. त्या नवलात पहिलं गाणं कसं सुरू झालं तेच तिला कळलं नाही. दुसऱ्या गाण्यापर्यंत ती भानावर आली. तिसरं सुरू झालं, चाललं, चालतच राहिलं. दारात दोन बायका भुवया करायला येऊन थांबल्या, शोभामॅडमनी त्यांना बोटानं बाकाकडे पाठवलं. मोनिकानं अल्बम शेवटच्या सुरापर्यंत ऐकला आणि हेडफोन काढले. मॅडम परीक्षकासारख्या समोर बसल्या होत्या, पण हातातली पर्स त्यांनी घट्ट आवळून धरली होती.

मोनिकाला खोटं बोलता आलं असतं. इतक्या प्रेमानं आणलेल्या गोष्टीला कुणीही चांगलंच म्हटलं असतं. पण बरोबरीच्या माणसाशी खोटं कशाला बोलायचं?

"खरं सांगू का, मॅडम? मला न्हाई आवडला. शेवटचं गाणं सोडलं, तर बाकीचं लई लांबवलंय."

शोभामॅडम ताठ झाल्या. "शेवटचंच तर सगळ्यांत सुमार आहे. आणि लांबवणारच. त्या वाळवंटात वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही. तिथं घाईनं कोण गाईल?"

"म्हनून ऐकनाऱ्यानंबी वाळून जायचं का?"

यावर शोभामॅडम हसल्या. पुणतांब्यात आल्यापासून कुणी पाहिलं नव्हतं असं, तोंड भरून हसल्या आणि लगेच तिसऱ्या गाण्यातलं वाद्य कसं हळूहळू वर चढतं ते हात वर नेऊन दाखवू लागल्या. मोनिका म्हणाली, वर चढतं ते कबूल, पण उतरायचं विसरतं. आवाज चढले. रेश्मा हातात टेप घेऊन दाराशी आली. भुवयांसाठी थांबलेल्या बायकांनी पिशव्या खाली ठेवल्या. मोनिकाचे कान तापले होते, डोळ्यांत पाणी होतं आणि आयुष्यात इतकं छान तिला कधीच वाटलं नव्हतं.

एवढ्यात रविराज स्पीकर न्यायला ट्रॅक्टर घेऊन आला. बायको आणि कॉलेजच्या मॅडम हातवारे करून भांडताहेत, हे पाहून त्याचा चेहराच उतरला. फेशियल बिघडलं असणार, असं समजून तो हात जोडून पुढं झाला आणि मॅडम, तिचं चुकलं असेल तर मी माफी मागतो, म्हणाला. दोघींनी त्याला एकदमच गप्प बसायला सांगितलं आणि तिसऱ्या गाण्यावर पुन्हा पहिल्यापासून भांडायला लागल्या.