तिसऱ्या हाकेपर्यंत

आमोण्याला थंडीत नदीवर धुकं उतरतं, ते पहाटेच्या ओहोटीला पाहावं. पाणी दिसत नाही, पैलतीर दिसत नाही, फक्त ओल्या रेतीचा वास येतो आणि कुठूनतरी बदकं बोलतात. मला हे फार आवडायचं. आता आवडतं की नाही, सांगता येत नाही. धुकं पाहिलं की आधी कान हाकेकडे लागतात.

तो कोकणी की मराठी या राजभाषेच्या वादाचा हिवाळा होता. मी एकोणीस वर्षांची. वडील बाजारातून सामानाबरोबर पत्रकं आणायचे, माझी अक्षरओळखच त्या पत्रकांवर झाली. त्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहू लागले होते आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभी राहून वाटत होते. मराठीला तिचा हक्क मिळालाच पाहिजे, असं मी लिहीत होते. आजही माझं तेच म्हणणं आहे.

शेजारची काकी कोकणीच्या बाजूची. तिनं माझ्या पत्रकात गालमो, म्हणजे सुका जवळा, बांधून आमच्याच घरी पाठवला. वर कुंपणावरून म्हणाली, "तुजो कागद बरो घट्ट गो! गालमो बांदलो तरी पिंजलो ना." माझे वडीलसुद्धा हसले. मी मात्र त्या दिवसापासून काकीशी बोलणं टाकलं. माझ्या लेखी तो तत्त्वाचा प्रश्न होता.

आमच्याकडे थंडीत ओहोटीला बायका नदीतल्या रेतीच्या पट्ट्यावर खुबे, म्हणजे खायचे शिंपले, वेचायला उतरतात. बांध आणि पट्टा यांच्यामध्ये एक खोलगट भाग आहे. भरती आली की आधी तो भरतो, म्हणजे पाणी आपल्या पाठीमागून येतं. म्हणून धुकं असलं की एकजण बांधावर बसून मधूनमधून हाक मारते. खालच्यांनी ओ द्यायची आणि परतताना हाकेच्या रोखानं चालायचं. कोण कुठून वर चढलं ते धुक्यात कळत नाही, म्हणून लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही की बांधावरची समजते, सगळ्या वर आल्या. मग ती घरी जाते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या सकाळी मी वहिनीला घेऊन गेले. ती सावंतवाडीकडच्या डोंगरातल्या गावची, तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे आलेली. भरती-ओहोटी तिनं पाहिलीच नव्हती. बांधावर काकी बसली असणार म्हणून मी मुद्दाम दूरच्या टोकाला, पाणी अडवण्याच्या दारापाशी, चपला काढल्या आणि तिथून उतरले. आम्ही खाली आहोत हे काकीला माहीतच नव्हतं.

वहिनी खूश होती. पायाखालची रेती बर्फासारखी गार, त्यात चिमुकले खेकडे तिरके पळत होते आणि ती त्यांना हसत होती. पदरात खुबे साठत होते. बाकीच्या बायकांचे आवाज हळूहळू विरले, तेव्हा हाक आली.

"कोण आसा गो थंय?"

मी खाली मान घालून वेचत राहिले.

"वन्सं, ता कोण बोलवता?"

"कुणी नाही. वेच तू."

दुसरी हाक आली. "जाप दी गो, कोण आसा?"

"वन्सं, ओ द्या ना तेंका!"

"तिला मी ओ देणार नाही," मी म्हटलं. मनात हिशोब होता की अजून वेळ आहे आणि वाट मला पाठ आहे. तिसरी हाक आली, जरा लांबवलेली. मग काहीच नाही.

थोड्या वेळानं आम्ही निघालो. पन्नासेक पावलांवर बांध लागायला हवा होता. लागलं ते पाणी, घोट्यापर्यंत. मी डावीकडे वळले. तिथंही पाणी. पुन्हा वळले आणि मग मला आपण कुठल्या दिशेनं आलो तेच कळेना. सगळीकडे सारखंच पांढरं. दूर खनिजाच्या बार्जचा भोंगा वाजला, तो चारी बाजूंनी वाजल्यासारखा वाटला. जरा वेळानं बार्जची लाट आली आणि वहिनीच्या गुडघ्यावर आपटली. तिच्या पदरातले खुबे सांडले.

"पाणी वाढता हा, वन्सं," ती म्हणाली. मग अगदी हळू, "माका पोहूक येणा नाय."

मला येत होतं. ती गोष्ट त्या क्षणी सगळ्यात भयंकर वाटली.

मी ओरडले. "काकी! ओ! काकी, ओ!" उत्तर नाही. बांधावर कुणीच नव्हतं, आणि तिला मीच घरी पाठवलं होतं. वहिनीनं माझं मनगट धरलं होतं, तिच्या बांगड्या माझ्या हाडात रुतत होत्या. पाणी मांड्यांना लागलं. घसा फुटेस्तोवर मी ओ, ओ करत राहिले.

"खंय गो तूं?"

पाठीमागून. मी भलतीकडेच तोंड करून उभी होते.

"ओ!"

"हांगा यो. आवाजाक यो."

ती हाक मारत राहिली, मी ओ देत राहिले. खोलगट भागात पाणी छातीला आलं. वहिनीला मी केसांना धरून ओढलं. बांधाच्या दगडांना हात लागला तेव्हा मी आधी वहिनीला वर ढकललं.

काकी घरी जाताना त्या दूरच्या टोकावरून गेली होती आणि तिला दोन जोड चपला दिसल्या. एक जोड नव्या नवरीचा. ती बांधावरून परत धावत आली. आपल्या लुगड्याचा पदर वहिनीभोवती गुंडाळत ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओ म्हणपाक खंयची भास जाय गो तुका, कोकणी काय मराठी?"

मी वहिनीचे हात चोळू लागले. दात वाजत होते.

"फाल्यां तूं बस हांगा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तशाच धुक्यात मी बांधावर बसले आणि काकी खाली उतरली. बायका एकेक करून वर आल्या, काकी आली नाही. मी हाक मारली. ओ नाही. दुसरी मारली. नदी गप्प. मी उभी राहिले. तिसरी हाक मारली तेव्हा माझा आवाज रडण्यासारखा निघाला.

"ओ गो, ओ!" अगदी जवळून, हसत. ती केव्हाची बांधाच्या पायथ्याशीच उभी होती.