ताईचा जांभळा अंगठा

आमच्या ताईला एका मुलीने भर वर्गात विचारलं, "मॅडम, हे तुम्ही स्वतः पाहिलंय?" आणि तिथून आमच्या घरातली शांतता गेली ती गेलीच.

ताई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मी तिची धाकटी बहीण. खालच्या खोलीत शिवणकाम करते. आई गेली तेव्हा मी जेमतेम चालायला लागले होते. मला वाढवलं ते हिनेच, आणि रागवायचा हक्क तेव्हापासून हिच्याकडेच आहे. त्या दिवशी मात्र ती रागावली नाही. चपला न काढताच माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"इतकी वर्षं पोपटासारखी बोलतेय गं मी! मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, पाण्याची वाफ. त्यात विजेची ठिणगी पाडत राहिलं की अमिनो आम्लं तयार होतात, ज्यांच्यापासून तुझ्या-माझ्या शरीरातली प्रथिनं बनतात. पहिला जीव येण्याआधी पृथ्वीवर असंच काहीतरी झालं असेल, असं सांगते आणि फळा पुसते. पाहिलंय कुठे?"

"पुस्तकात आहे ना? मग झालं तर!"

"त्या पोरीला 'नाही' म्हणावं लागलं मला. निवृत्तीच्या आधी मला 'हो' म्हणायचंय."

झालं! हिच्या मनाने एकदा घेतलं की देवसुद्धा हात टेकतो. प्राचार्यांच्या डोक्याशी भुणभुण करून तिने मागची अडगळीची खोली मिळवली. तीही ती निवृत्त होईपर्यंतच. पुढे तिथे झेरॉक्सचं मशीन बसणार होतं. काचकाम करणाऱ्या काकांकडून गोल चंबू करून घेतला. त्यात दोन तारा, वर वायू सोडायला काचेची तोटी. चंबू भट्टीत तापवून आतलं-बाहेरचं सगळं जाळून काढलं. तोटीतून वायू गळू नये म्हणून तिला ग्रीस फासलं, तेही अंगठ्याने. हातमोजा ग्रीसला चिकटतो, अंगठ्याला अंदाज असतो, असं ती पोरांनाही शिकवत आली होती.

ठिणग्या सुरू झाल्या. मी डबा घेऊन जायची तर ही बाई स्टुलावर बसून चंबूकडे टक लावून! चंबूच्या तळाचं पाणी आधी पिवळं झालं, मग विटकरी. शेवटी तिने त्यातला थेंब कागदावर चढवला, औषध फवारलं, कागद शेकला आणि जांभळे ठिपके उमटले. अमिनो आम्लं!

कॉलेजात नुसता जल्लोष. प्राचार्य तर "आमच्या मॅडमनी जीव बनवला" म्हणून सांगत सुटले.

"जीव नाही हो, सर," ताई म्हणाली. "दोन-चार विटा मिळाल्यात. घर अजून जगात कुणालाच बांधता आलेलं नाही. आणि विटाही माझ्याच चंबूतल्या की बाहेरून आल्या, ते अजून बघायचंय."

"आता कशाला त्याला शेपूट लावताय?"

मीही तेच म्हणाले. लोक हार घालतायत तर घाल ना मान पुढे! तेव्हा तिने मला माझ्याच भाषेत समजावलं. यातल्या बहुतेक आम्लांचे दोन प्रकार असतात, डावा आणि उजवा, बाह्यांसारखे. दिसायला सारखे, पण डावी बाही उजव्या खांद्याला बसत नाही. जिवंत शरीर प्रथिनांसाठी फक्त डावी वापरतं. ठिणगीला असली आवडनिवड नाही, ती दोन्ही सारखीच बनवणार. म्हणजे चंबूत निम्मी-निम्मी निघाली तर माल ठिणगीचा. डावीच निघाली तर कुणाचा तरी हात लागलाय.

तपासणीची सोय मोठ्या प्रयोगशाळेत होती, तिथे ताईची एक मैत्रीण होती. तिच्याकडे नमुना गेला. तिचा फोन आला, ताईने ऐकून घेतला आणि खुर्चीत बसली.

"जवळजवळ सगळी डावी," ती म्हणाली. "ठिणगीचं काही असलंच तर त्याखाली बुडालं."

हात लागला कुणाचा? भट्टीत तर सगळं जळलेलं. तिने स्वतःचा हात उलटापालटा करून बघितला. मग कोऱ्या कागदावर अंगठा दाबला, तेच औषध फवारलं आणि माझी इस्त्री मागून कागद शेकला. हळूहळू जांभळा अंगठा उमटला, रेघान्‌रेघ स्पष्ट.

"माझाच घाम," ती म्हणाली. "त्यातही हीच आम्लं असतात. ग्रीसमधून आत गेला."

लहानपणी माझं नाक पुसणारा तो अंगठा बघून मला रडू कोसळलं. "मरू दे तो प्रयोग! कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की!" ती ओरडली. "ऊठ, काकांकडे जायचंय."

काका ऐकून चक्रावले. "तोटीच नको? मग बाई, उघडणार कसा?"

"फोडून."

"म्हणजे मी फुंकफुंक फुंकून बनवायचा आणि तुम्ही फोडायचा?"

"फोडण्यासाठीच बनवा. वायू भरले की मान तिथल्या तिथे वितळवून बंद करायची. ग्रीस नको न् माझा हात नको."

पहिला चंबू मान बंद करताना तडकला. काकांनी माझ्यासमोर ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. दुसरा टिकला. प्राचार्य झेरॉक्सवाल्याला घेऊन खोलीचं माप घ्यायला आले, तर ही दारात आडवी उभी. "माझा शेवटचा दिवस अजून यायचाय, सर. टेप गुंडाळा." त्या चंबूजवळ ती मलाही फिरकू देईना. माझा डबा बाहेरच्या बाकावर!

शेवटच्या आठवड्यात तिने हातमोजे घालून चंबूची मान फोडली आणि नमुना पाठवला. फोन आला तेव्हा मी खाली बाही जोडत होते. ती तशीच टाकून वर धावले. ताई फोन धरून उभी होती.

"निम्मी-निम्मी," ती म्हणाली. "कुणाचाच हात नाही गं. आपली आपण झाली." आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिचा शेवटचा तास. मला मुद्दाम शेवटच्या बाकावर बसवलं होतं. वर्ग नवा, ती प्रश्न विचारणारी मुलगी केव्हाच पास होऊन गेली होती. ताईने तोच धडा घेतला. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, वाफ, ठिणगी. मग खडू हातात धरून थांबली.

कुणी काही विचारेना. पोरं खाली माना घालून भराभरा उतरवून घेत होती. ताईचा चेहरा उतरायला लागला. माझं शिक्षण किती, वय काय, मी कुठे बसलेय, काही सुचलं नाही. हात वर करून उठलेच.

"मॅडम, हे तुम्ही स्वतः पाहिलंय?"

सगळा वर्ग मागे वळून बघायला लागला. ताई फक्त माझ्याकडे बघत होती.

"हो," ती म्हणाली. "पाहिलंय. बस खाली."